डोंगराकडचा गोल

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी चष्म्याचा नंबर बदलायचा होता, कधी लाइट नव्हती. एकदा पेनात रिफिल नाही म्हणून टाळलं, आणि रिफिल आणायला बाजारात गेलो तो मेथीची जुडी घेऊन परत आलो. खरं कारण साधं आहे. या गोष्टीत बाई चांगल्या दिसतात आणि मी दिसत नाही.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. लिहू का, असं त्यांना विचारायला हवं होतं. त्यांच्याशी बोलायच्या ज्या गोष्टी राहून गेल्या, त्यांतली ही सगळ्यात लहान. पण नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडच्या बाजूला तुमचं येणं-जाणं असेल, तर तुम्ही त्यांना पाहिलं असणार. सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि समोरच्याच्या नाकापुढे उभी केलेली उजव्या हाताची तीन बोटं.

त्या तीन बोटांचा अर्थ नेटबॉल खेळणाऱ्या पोरींना माहीत असायचा. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत पुढं द्यायचा, धरून ठेवायचा नाही. बाईंनी हा नियम खेळापुरता ठेवला नाही. भाजीवाला वजन करताना रेंगाळला, तीन बोटं. मुख्याध्यापक "बघू" म्हणाले, तीन बोटं. खर्डीच्या फाट्यावर एसटीचा कंडक्टर कुणाशी तरी गप्पा मारत उभा राहिला, की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "मास्तर, घंटी मारा. चेंडू किती वेळ धरून बसणार?"

त्यांचे मिस्टर रेल्वेत होते, अतिशय सावकाश माणूस. बाई सांगायच्या, "मुलगी पसंत आहे हे कळवायला यांनी सव्वा महिना घेतला. तेव्हा मला नियम माहीत असता तर चेंडू काढून घेऊन दुसऱ्याला दिला असता." मिस्टर शेजारीच बसलेले असायचे. तेही हसायचे, पण थोड्या वेळाने.

मी मुरबाडच्या अलीकडच्या एका हायस्कूलात पी.टी. शिकवायचो. माणूस कबड्डीचा. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांची मिळून एक क्रीडा समिती होती, तिचा मी सेक्रेटरी. बाई खर्डीकडच्या एका शाळेत शिवणकाम शिकवायच्या. आमच्या समितीकडे एक पत्र आलं की, मुलींसाठी नेटबॉल नावाचा खेळ सुरू करायचा आहे, दहा दिवसांच्या शिबिराला एक शिक्षक पाठवा. पत्र माझ्या नावे होतं. मी ते बैठकीत वाचून दाखवलं आणि म्हणालो, "फळी नसलेला बास्केटबॉल आहे हा. बायकांचा. शिवणाच्या बाईंना पाठवा, येताना जाळी तरी विणून आणतील."

सगळे हसले. बाई त्या दिवशी शाळेच्या शिलाई मशीनची तक्रार घेऊन आल्या होत्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी हसण्याचा आवाज संपू दिला आणि म्हणाल्या, "जाते."

अकराव्या दिवशी त्या माझ्या शाळेत हजर. बगलेत चेंडू, गळ्यात शिट्टी.

"सर, जाळी विणायला नाही शिकवली. बाकी सगळं शिकवलं."

खेळ शिकून आल्या, पण खेळायला रिंग नव्हती. शहापूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे बाई गेल्या, तेव्हा कबड्डीच्या खुंट्या करून घ्यायला मीही तिथे होतो.

"फळी कुठं लावायची, बाय?" वेल्डिंगवाल्याने विचारलं.

"फळी नाय."

"मंग बॉल आपटायचा कशावर?"

"आपटायचाच नाय. वरून सरळ आत घालायचा."

"नाय आपटला त मजा काय त्यात?"

"तुम्ही एक घालून दाखवा, मग मजा सांगते."

त्याने बिचाऱ्याने रिंग केली, भिंतीला टेकवलेल्या शिडीवर बांधली आणि चेंडू टाकायला लागला. चेंडू काही आत जाईना. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबली, मी खोळंबलो. शेवटी बाईंनी स्वतः वर चढून पाहिलं तर रिंगच चेंडूपेक्षा लहान. ती रिंग त्यांनी टाकून दिली नाही. शाळेच्या व्हरांड्यात तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. "आपल्या भागातला पहिला गोल माठानं केला," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या.

रिंगचे खांब म्हणजे गावच्या पाणी योजनेचे पाइप. त्या पाइपांतून पाणी कधी आलंच नव्हतं. सरपंच म्हणाले, "बाई, पाइप सरकारी आहेत." बाई म्हणाल्या, "मी कुठं नेतेय? पडलेत ते उभे करते." भाताची कापणी झाल्यावर एका खाचरात त्यांनी ते उभे केले, चोपून चोपून जमीन सपाट केली, आणि चुन्याने रेघा मारल्या. आमच्याकडचं नेटबॉलचं पहिलं मैदान ते. खेळताना पोरींच्या पायांना भाताची खुंटं टोचायची. बाई सांगायच्या, "चांगलं आहे. चेंडू घेऊन पळायचं नाही हे आपोआप ध्यानात राहतं."

या खेळात प्रत्येकीची जागा ठरलेली असते आणि ती सांगणारी इंग्रजी अक्षरं छातीवर बांधावी लागतात. बाईंनी पिठाच्या गिरणीतून जुन्या पिशव्या आणल्या, धुतल्या आणि सात-सात पट्टे शिवले. धुवून धुवून अक्षरं इतकी फिकी झाली की लांबून काही वाचता यायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका पाड्यावरून चार पोरी खेळायला यायच्या. एकीच्या बापाला ते पसंत नव्हतं. एके दिवशी तो तरातरा मैदानात आला.

"बाय, माजी पोर नाय येयाची उद्यापास्नं. पोरींनी असं उड्या मारायचं आमच्यात नाय."

"बरं झालं दादा तुम्ही आलात," बाई म्हणाल्या. "मला टाइम बघायला माणूसच नाही. हे घड्याळ धरा. ही कळ दाबली की सुरू, ही दाबली की बंद. तुम्ही हात वर केलात की मी शिट्टी मारणार. तोवर मलासुद्धा मारता येत नाही."

त्याने घड्याळ हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. "मंजे मी सांगंल तवा खेळ बंद?"

"तुम्ही सांगाल तेव्हाच."

पुढची कितीतरी वर्षं तो माणूस आमचा टाइमकीपर होता. पोरगी लग्न होऊन सासरी गेली, तरी बाप येत राहिला. बाईंना एक मिनिट उशीर झाला तर घड्याळ दाखवायचा.

संघाची नोंदणी करायला बाई जिल्ह्याच्या गावी एका कचेरीत गेल्या. तिथला कारकून म्हणाला, "हा खेळ यादीत नाही. पुढच्या आठवड्यात या." बाई पुढच्या आठवड्यात गेल्या, सात पोरींना घेऊन. कारकुनाने पुन्हा "पुढच्या आठवड्यात" म्हटल्यावर त्यांनी पोरींना कचेरीच्या लांबच लांब व्हरांड्यात उभं केलं. "साहेबांचं होईपर्यंत पासिंग करा गो. चेंडू खाली पडता कामा नये, इथं मोठमोठी माणसं बसतात." पहिल्या पाच मिनिटांत चेंडू तीन दारांवरून गेला आणि चहाच्या ट्रेला चाटून आला. अर्ध्या तासात शिक्का मिळाला. कारकून स्वतः जिन्यापर्यंत सोडायला आला, चेंडू परत आत येऊ नये म्हणून.

मग बाईंनी मंडळ काढलं, दोन्ही तालुक्यांतल्या मुलींचं. त्याच्या सेक्रेटरी त्या, निवड समिती त्या, सामने लावणाऱ्या त्या. बैठकीला एकट्या असल्या तरी इतिवृत्तात "सर्वानुमते ठरले" असं लिहायच्या. मी हटकलं तर म्हणाल्या, "मग काय लिहू? माझं माझ्याशी पटलं नाही असं?" इंग्रजी नियमांचं पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन एका वहीत मराठीत उतरवलं. ती वही वाचून सात-आठ शिक्षिका पंच झाल्या. त्याआधी आमच्या भागात बाईमाणसाने शिट्टी मारली की माणसं कुठे काय पेटलं ते बघायला यायची.

पंच म्हणून बाई फार कडक. पदर खोचून रेघेच्या कडेने धावायच्या, निम्मा वेळ उलट्या. एकदा त्यांचीच मुलगी सेंटरला खेळत होती. चेंडू घेतल्यावर तिचा पाय सरकला. शिट्टी.

"आई!" मुलगी ओरडली.

"इथं आई नाय. पाय हलला."

मुलगी रुसून जेवली नाही, तेव्हा बाईंनी तिच्या ताटावर झाकण ठेवून सांगितलं, "उपाशी राहिलीस तरी पाय हललाच होता."

आता माझ्याकडे येतो. किती वेळ टाळणार?

मी त्यांच्या खेळाला हसत हसत त्यांच्या सामन्यांचा गुणलेखक झालो. कबड्डीत माझं त्याबद्दल नाव होतं. माझ्या कागदावर कधी खाडाखोड नसे. पेन्सिल मी वापरत नसे, शाईच. इतर लोक चुकतात म्हणून त्यांना पेन्सिल लागते, असं मी चारचौघांत म्हणायचो. बाई मला दरवेळी टेबलावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "सरांचं अक्षर चांगलं आहे, आणि इथं बसवलं की ते मैदानात येऊन कबड्डी शिकवत नाहीत."

दोन गोष्टी मात्र मी कुणाला सांगितल्या नव्हत्या. एक, मला लांबचं दिसेनासं झालं होतं. चष्मा खिशात असायचा, पण पी.टी.च्या मास्तराने चष्मा लावायचा म्हणजे पोरं काय म्हणतील? दुसरी गोष्ट पहिल्यातून आली. दोन्ही संघांचे कपडे सारखेच, गडद निळे. पट्ट्यांवरची अक्षरं मला दिसायची नाहीत. म्हणून गोल कुणी केला हे मी पोरींकडे बघून ठरवतच नव्हतो. गोल कोणत्या रिंगमध्ये गेला, ते बघायचो. आमच्या शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला सिद्धगडाचा डोंगर दिसायचा, दुसऱ्या टोकाला रस्ता. डोंगराकडच्या रिंगमध्ये चेंडू गेला की या संघाला, रस्त्याकडच्या रिंगमध्ये गेला की त्या संघाला. सोपं काम. कबड्डीत बाजू एकदाच बदलतात, मध्यंतराला. नेटबॉलमध्ये सामन्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागानंतर बाजू बदलते. तेवढं ध्यानात ठेवलं की झालं.

नव्वदचं दशक संपता संपता शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मुलींचा अंतिम सामना माझ्या शाळेच्या मैदानावर ठरला. जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता. आमच्याकडच्या मुली पहिल्यांदाच तिथवर पोचणार होत्या. दोन पंच लागतात. एक मुरबाडच्या शिक्षिका होत्या. दुसऱ्या ऐन वेळी आजारी पडल्या. राहिल्या बाई. शहापूरच्या संघात निम्म्या पोरी बाईंच्या स्वतःच्या हाताखालच्या.

"मी माझ्या पोरींच्या सामन्याला शिट्टी मारणार नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, पाहुणे येऊन बसलेत."

"बसू देत. उद्या खेळवू."

"उद्या कुणाला आणणार? सगळा तालुका तुम्हाला ओळखतो. कोण बोट दाखवणार आहे तुमच्याकडे? आणि टेबलावर मी आहे."

हे शेवटचं वाक्य मी छाती पुढे काढून म्हणालो होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बुटाची नाडी घट्ट केली आणि मैदानात गेल्या.

तीन भाग झाले तेव्हा शहापूर बारा, मुरबाड आठ. त्या काळात मी फळ्यावरचा आकडा भाग संपल्यावरच बदलायचो. तेवढ्यात प्रमुख पाहुणे माझ्या टेबलाशी आले आणि जुन्या कबड्डीच्या आठवणी काढू लागले. माझ्याच एका पकडीची आठवण होती, त्यामुळे मला ती मध्येच तोडवेना. चौथा भाग सुरू झाला. डोंगराकडच्या रिंगमध्ये चेंडू पडला. बाईंचा हात वर गेला, गोल. मी शाईने शहापूरच्या रकान्यात रेघ मारली.

पुढचा गोल रस्त्याकडे झाला आणि शहापूरच्या पोरी नाचल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाजू बदलली होती. आधीचा गोल मुरबाडचा होता.

त्या क्षणी मला एक रेघ खोडून दुसरीकडे लिहायची होती, बस. पण कागदावर खाडाखोड झाली असती, तीही पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. शिवाय चार गोलांची आघाडी होती. एका रेघेने काय होतंय, असं मी स्वतःला म्हटलं आणि पुढे लिहू लागलो. पुढचे सगळे गोल मी अगदी बरोबर लिहिले.

मुरबाडच्या पोरींनी त्या शेवटच्या भागात जो खेळ केला तो मी जन्मात विसरणार नाही. त्यांची कप्तान सुगंधा नावाची काटक मुलगी होती. तिने चेंडू असा फिरवला की शहापूरच्या पोरींना तो दिसायचाच बंद झाला. मध्ये त्यांचा एक गोल बाईंनी अमान्य केला, कारण टाकणारीचा पाय रिंगपुढच्या अर्धवर्तुळाबाहेर होता. होताच. तेवढं मलासुद्धा दिसलं. टाइमकीपर बापाने हात वर केला, शेवटची शिट्टी झाली, आणि मुरबाडच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्यांच्या हिशेबाने त्या एका गोलाने जिंकल्या होत्या. त्यांचा हिशेब खरा होता. पंधरा-चौदा.

माझ्या कागदावरही पंधरा-चौदाच होते. फक्त पंधरा शहापूरचे होते.

बाई टेबलाशी आल्या. धापा टाकत होत्या. कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, पक्कं?"

पाहुणे शेजारी उभे होते. मी म्हणालो, "पक्कं."

बाई वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शहापूर एका गोलाने विजयी. सरांचा कागद म्हणजे कागद."

मग जे व्हायचं ते झालं. सुगंधा रडत ओरडली, "आमचे पंधरा व्हते! बायनी आपल्याच पोरी जिंकवल्या!" तिच्या मागे सगळं मैदान ओरडायला लागलं. तो अमान्य केलेला गोल सगळ्यांना आठवला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. गर्दीतून एक जण तर मला पाण्याचा ग्लास देऊन गेला, "सर, तुमी बसा, तुमाला त्रास नको."

मुरबाडकडून तक्रार गेली. तक्रारीची चौकशी करायला तीन माणसं आली. त्यांनी मला लेखी म्हणणं द्यायला सांगितलं. मी एकच वाक्य लिहिलं: "पंचांनी ज्या गोलांना हात वर केला तेच गोल मी नोंदवले." वाचून बघा. एकही शब्द खोटा नाही. पंचांनी हात वर केला होता, मी नोंदवला होता. फक्त कुणाच्या नावावर, ते मी लिहिलं नाही. तिघांनी ते वाचलं, माना डोलावल्या आणि दोष कुणाचा ते ठरवून टाकलं.

बाईंची शिट्टी दोन वर्षं बंद झाली. बाई राज्याच्या पंच परीक्षेला बसणार होत्या. आमच्या भागातून त्या परीक्षेला तोवर कुणी बाई गेली नव्हती. त्यासाठी त्यांनी स्वतः पांढरा सलवार-कमीज शिवून ठेवला होता, इस्त्री करून. यादीतून नाव गेलं. दोन वर्षांनी वयाची अट आडवी आली. ती परीक्षा त्यांनी कधीच दिली नाही.

मला वाटलं, बाई भांडायला येतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या आल्या नाहीत. महिन्याभराने एका शाळेत भेटल्या तर पोरींच्या छातीवर नवे कोरे, पांढरेशुभ्र पट्टे. मी कापडाचं कौतुक केलं.

"चांगलं कापड आहे ना?" बाई म्हणाल्या. "सलवार-कमीजचं आहे. सातही पट्टे निघाले. वाया काहीच गेलं नाही."

पुढच्या वर्षी स्पर्धा पुन्हा माझ्याच मैदानावर होती. बाईंना शिट्टी नव्हती, पण व्यवस्था त्यांचीच. सामन्याआधी त्या लाल कापडाची एक पट्टी घेऊन आल्या. टाइमकीपर बापाला म्हणाल्या, "दादा, शहापूरच्या पोरी ज्या रिंगमध्ये टाकणार तिच्या खांबाला ही बांधायची. बाजू बदलली की सोडायची आणि दुसरीकडे बांधायची. बांधून झाल्याशिवाय घड्याळ सुरू करायचं नाही." मग माझ्या टेबलाशी एक दुसरी खुर्ची ठेवली. "यापुढं गुण लिहायला दोघं. दोन्ही बाजूंचा एकेक. सर, तुमच्याकडे पेन आहे, यांना पेन्सिल देते."

"हे कशाला, बाई?" मी विचारलं.

त्यांनी तीन बोटं माझ्या नाकापुढे धरली. माझ्या तोंडून काही येतं का ते बघत राहिल्या. तीन सेकंद गेले, मग आणखी कितीतरी गेले. मग त्याच हाताने माझ्या सदऱ्याच्या खिशावर टिचकी मारली. आत चष्मा होता.

"लावत जा वो, सर. वाईट नाय दिसणार."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कसं कळलं ते मी विचारलं नाही. आमच्याकडे लाल पट्टी बांधायची पद्धत अजून आहे. हल्लीच्या पोरींना वाटतं, नारळ फोडतात तसंच काहीतरी असेल.

त्यानंतर मी माफी मागायला तीनदा गेलो. पहिल्यांदा पेढे घेऊन खर्डीला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून. पेढे बघताच बाईंनी मिस्टरांना हाक मारली, "अहो, सरांच्या मुलाला नोकरी लागली!" मिस्टरांनी माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडलाच नाही. मुलाला नोकरी लागली नव्हती. मी अर्धा किलो अभिनंदन घेऊन परत आलो, आणि मुलगा चार महिने माझ्याशी नीट बोलला नाही.

दुसऱ्यांदा सगळं पत्रात लिहून नेलं. बाई आटगावला पोरींना शिकवायला गेल्या होत्या. मिस्टर म्हणाले, "द्या माझ्याकडे, देतो." ते पत्र द्यायला विसरतील या भीतीपेक्षा विसरणार नाहीत याची भीती वाटली. मी "सहजच आलो होतो" म्हणालो आणि पत्र खिशात घालून निघालो.

तिसऱ्यांदा त्यांचा निरोप समारंभ होता. मी स्वतःच माइक मागून घेतला. समोर दोन्ही तालुके बसले होते. मी सुरुवातीला माठाच्या रिंगची गोष्ट सांगितली. माणसं हसली. मग कचेरीतल्या चेंडूची सांगितली. आणखी हसली. मला ते हसणं इतकं आवडलं की मी तिसरी सांगितली, चौथी सांगितली आणि टाळ्यांत खाली उतरलो. बाई म्हणाल्या, "छान बोललात." मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

काही वर्षांनी, दिवाळी उलटून गेल्यावर, त्यांच्या मुलीचा फोन आला. बाई सकाळी मैदानावर गेल्या होत्या. रेघा मारून झाल्यावर "जरा बसते" म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. सुगंधा बोलायला उभी राहिली. ती आता स्वतः शिक्षिका होती, पंच होती, बाईंच्या वहीवरूनच शिकलेली. बाईंबद्दल ती इतकं मायेने बोलली की टाइमकीपर बापाने डोळे पुसले. शेवटी ती म्हणाली, "बाईंनी आयुष्यात कुणावर अन्याय केला नाही. तो एक दिवस सोडला तर. तोही मी कधीच माफ केला."

सगळ्यांनी माना हलवल्या. किती मोठ्या मनाची मुलगी, असं माझ्या शेजारचा म्हणाला. बाईंची मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने मान खाली घातली.

मग मला बोलायला सांगितलं. मी उठलो. चष्मा लावलेला होता, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मी म्हणालो, "बाई वक्तशीर होत्या." आणि बसलो.

सुगंधाने हे वाचावं म्हणून मी लिहितो आहे. बाईंच्या मुलीनेही वाचावं. दोघींना मी एकेक प्रत पाठवणार आहे. बाईंना पाठवता येत नाही. खर्डीला पेढे घेऊन गेलो तेव्हा एसटीत बसून मी जे पाठ केलं होतं, ते एवढंच होतं:

बाई, चौथ्या भागातला पहिला गोल मुरबाडच्या पोरींचा होता. मी तो तुमच्या पोरींच्या रकान्यात लिहिला. तेव्हाच मला कळलं होतं, तरी खोडला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा पक्कं म्हणालो, आणि चौकशीत तुमच्यावर ढकललं. तुमचा हात त्या दिवशी एकदाही चुकीचा वर गेला नव्हता. माझी चूक झाली, बाई. मला माफ करा.